मिरवणुकीचा मार्ग : गेडिसचा अहवाल, अरण्य वसाहत आणि इंदूरच्या गिरण्या

पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारास सादर केलेला नगररचनाविषयक अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. होळकर संस्थानच्या छापखान्यातून निघालेल्या या ग्रंथाचे दाखले पुढे देशोदेशीच्या नगररचनाकारांनी दिले. ज्या शहरासाठी तो लिहिला गेला, तेथील वाचकांच्या हाती मात्र तो क्वचितच पडला. सरकारी सेवेत आयुष्य घालवलेल्या आम्हांस याचे फारसे नवल वाटत नाही. अहवाल सादर होतो, त्यावर 'पाहिले' असा शेरा पडतो आणि तो नस्तीबद्ध होतो. त्याची जन्मकथा आणि मृत्युलेख बहुधा एकाच पानावर असतात. परंतु हा अहवाल नस्तीत मावणारा नाही. इंदूर या गावावर आजवर जे काही लिहिले गेले, त्यात गेडिसच्या ग्रंथाइतके मौलिक आणि त्याचबरोबर इतके पसरट दुसरे काही नसेल, असे आमचे मत आहे.

हा जुना ग्रंथ आजच का उघडावा? गेल्या काही वर्षांत 'वारसा' हा शब्द आपल्या शहरात फार स्वस्त झाला आहे. राजवाड्यावर रोषणाई होते, छत्र्यांची डागडुजी होते, पर्यटकांसाठी फलक लागतात. दुसऱ्या बाजूस गिरण्यांची विस्तीर्ण जमीन नव्या आराखड्यांची वाट पाहत पडली आहे आणि राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांचे दर्शनी भाग रस्तारुंदीत जात आहेत. या सर्व घडामोडींकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याकडे दोन भक्कम साधने आहेत. एक गेडिसचा अहवाल आणि दुसरे बाळकृष्ण दोशी यांची अरण्य वसाहत. पहिले कागदावरचे, दुसरे विटांचे. दोन्हींची परीक्षा येथे करावयाची आहे, आणि ती मुख्यतः गिरण्यांच्या जमिनीच्या संदर्भात.

गेडिस हे मुळात नगररचनाकार नव्हते. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा माणूस जीवशास्त्रज्ञ, हक्स्लेचा विद्यार्थी. एडिंबरोच्या जुन्या गावठाणात, जेथून सुखवस्तू कुटुंबे कधीच निघून गेली होती, अशा एका कोंदट इमारतीत ते १८८० च्या दशकात पत्नीसह राहावयास गेले आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी तेथे साफसफाई, रंगरंगोटी, दुरुस्ती सुरू केली. त्यांच्या पुढच्या साऱ्या विचारांचे बीज या राहण्यात आहे. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगरप्रदर्शन ज्या जहाजातून येत होते ते जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवले. तरी नव्याने साहित्य जमवून त्यांनी मद्रासेत प्रदर्शन भरवलेच. पुढे अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. बडोद्याच्या वाचकांना सांगावयास हवे की, त्यांच्या शहरावरील गेडिसचा अहवाल १९१६ चा आहे, म्हणजे इंदुरापेक्षा दोन वर्षे आधीचा. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यासनही त्यांनी सांभाळले.

इंदुरात त्यांना बोलावले ते तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत. गावात प्लेगची दहशत होती. त्याच सुमारास हे गाव गिरणगाव होऊ लागले होते. दुसऱ्या तुकोजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानची कापड गिरणी काढली होती. त्यानंतर १९०९ साली मालवा मिल आणि लगोलग हुकुमचंद मिल उभी राहिली, आणि स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशी नावे पुढील काळात जोडली गेली. माळव्याचा कापूस, रेल्वे आणि संस्थानी आश्रय या तिहींच्या बळावर होळकरांची राजधानी कामगारांचे शहर झाली. गेडिसने या स्थित्यंतराच्या नेमक्या उंबरठ्यावर गाव पाहिले.

त्या काळच्या अभियंत्यांची रीत अशी की, दाट वस्तीवर नकाशात पट्टीने सरळ रेषा ओढावी, रेषेत येणारी घरे पाडावीत आणि झालेल्या रुंद रस्त्यास सुधारणा म्हणावे. गेडिसने या रीतीला जन्मभर विरोध केला. त्यांच्या पद्धतीचा आशय मराठीत 'अवयव राखून केलेली शस्त्रक्रिया' असा सांगता येईल. आधी गल्लीबोळांतून पायी हिंडावे. कोणते घर खरोखर पडीक, कोणते नुसते गलिच्छ, कोठे विहीर, कोठे पार, कोठे देऊळ हे टिपावे. मग अगदी थोडी घरे काढून त्या जागी लहानसा चौक मोकळा करावा, झाड लावावे, हवा खेळू द्यावी. बाकीची वस्ती जागच्या जागी नांदू द्यावी. यात खर्च कमी, उपद्रव त्याहून कमी. आज ज्यास 'टिकाऊ विकास' म्हणतात, त्याचे हे फार आधीचे आणि फार साधे रूप होय.

खान आणि सरस्वती या नद्यांविषयीचा त्यांचा विचारही असाच होता. नदी म्हणजे गावाची मोरी नव्हे, तर गावाचा बगीचा, ही त्यांची धारणा. सांडपाणी खर्चिक भुयारी मार्गाने दूर नेऊन टाकण्यापेक्षा ते बागाईतीस द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. अहवालात मोरीपासून बागेकडे, बागेपासून तुळशीवृंदावनाकडे आणि तुळशीपासून घराच्या स्वच्छतेकडे ते जसे सहज जातात, तसे जाणे आमच्या आजच्या अभियंत्यांस जमेल काय, याची शंका आहे. अंगणातील तुळस नीट राखलेली आहे, म्हणजे घर राखणारी गृहिणी आरोग्याचे काम आधीच करीत आहे, हे एका परदेशी जीवशास्त्रज्ञाने ओळखावे यात त्यांची नजर दिसते.

या अहवालाच्या काळातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १९१७ च्या दिवाळीचा आहे. गेडिस रस्त्याने हिंडत तेव्हा लोक संशयाने पाहत. हा म्हातारा साहेब घरे पाडावयास आला आहे, प्लेग आणणारा हाच, अशी कुजबुज चाले. त्यांनी महाराजांकडे एका दिवसाचे राजेपण मागितले आणि दवंडी पिटवली की, या दिवाळीत मोठी मिरवणूक निघेल. पण ती हिंदूंच्या किंवा मुसलमानांच्या परंपरागत मार्गाने न जाता, ज्या रस्त्यावर सर्वांत अधिक घरे दुरुस्त व स्वच्छ झालेली असतील त्या रस्त्याने जाईल. मग काय विचारता! गल्लीगल्लीत चुना, माती, झाडू यांची धांदल उडाली. कचऱ्याच्या गाड्यांमागून गाड्या गावाबाहेर गेल्या. मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि त्याचा अजस्र उंदीर होता. त्यांच्या मागून शुभ्र कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार चालत होते. नंतर नियोजित ग्रंथालय, संग्रहालय, नाट्यगृह यांच्या प्रतिकृती होत्या आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी प्लेगच्या राक्षसाचे दहन झाले.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक ती एका विक्षिप्त साहेबाची गंमत म्हणून सांगतात. आम्हांस ती अहवालाचाच गाभा वाटते. त्या दिवाळीत जे घडले त्यात एकही इमारत नव्याने बांधली गेली नाही, कोणाचे घर संपादित झाले नाही, कोणास नोटीस गेली नाही. मिरवणुकीचा मार्ग एवढीच गोष्ट राज्यकर्त्याच्या हातात होती. ती त्याने लोकांच्या कष्टांच्या स्वाधीन केली. नगररचना म्हणजे नकाशा नव्हे, तर कोणत्या श्रमांना मान द्यावयाचा याचा निर्णय, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी दाखवले असेल तर ते आमच्या वाचनात नाही. सफाई कामगाराच्या गळ्यात हार पडला, ही त्या काळातील सामान्य गोष्ट नव्हती.

आता ग्रंथाचे दोष. पहिला दोष पाल्हाळाचा. दुसऱ्या खंडाचा बराचसा भाग प्रस्तावित विद्यापीठाने व्यापला आहे. इंदुरात विद्यापीठ आले ते १९६४ साली, म्हणजे ग्रंथकाराच्या निधनानंतर बत्तीस वर्षांनी. वाचक दमतो. पण तो दोष क्षम्य आहे. दुसरा दोष अधिक गंभीर. गेडिसची सारी भिस्त राजाच्या सदिच्छेवर आहे. मिरवणुकीचे राजेपण एका दिवसाचे होते. दुसऱ्या दिवशी सत्ता जेथल्या तेथे गेली. पाडापाडीच्या विरोधातील त्यांची पद्धत नगरपालिकेच्या नियमांत कशी बसवावी, उद्या दुसरा दिवाण आला तर ती कोणी टिकवावी, याचे उत्तर ग्रंथात सापडत नाही. तिसरा दोष म्हणजे गिरण्यांविषयीचा त्यांचा उत्साह. कामगारांना बाग असलेले घर हवे, मुंबईच्या चाळींसारखी कोंडवाडी नको, हे त्यांनी ठासून मांडले. परंतु गिरणीच बंद पडली तर त्या घराचे आणि बागेचे काय, हा प्रश्न १९१८ साली कोणाच्याच मनात नव्हता. आपल्या वाट्यास तोच प्रश्न आला.

गेडिसनंतर पासष्ट-सत्तर वर्षांनी इंदुरात दुसरा मोठा प्रयोग झाला. अरण्य वसाहत पुष्कळांना 'स्कीम ७८' या नावानेच माहीत असेल. दोशींचा जन्म १९२७ सालचा, पुण्याचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, उमेदवारी पॅरिसला ल कॉर्ब्युझियेच्या हाताखाली. इंदूर विकास प्राधिकरणासाठी त्यांच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानाने ही वसाहत आखली ती १९८० च्या दशकात. आग्रा-मुंबई मार्गालगत सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड, साठ हजारांवर माणसे राहतील अशी योजना. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास तयार घर द्यावयाचे नाही. जोते, संडास-न्हाणीचा गाळा, पाणी, वीज आणि फार तर एक खोली द्यावयाची. पुढचे घर त्याने आपल्या ऐपतीनुसार, सवडीनुसार, आपल्या हाताने वाढवावे. नमुन्यादाखल ऐंशी घरे तेवढी बांधून दाखवण्यात आली. या वसाहतीस १९९५ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशींना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला तेव्हा अरण्यचे नाव पुन्हा जगभर गेले. जानेवारी २०२३ मध्ये ते निवर्तले.

अरण्यचे श्रेष्ठत्व पुरस्कारात नाही. ते आखणीपूर्वीच्या अभ्यासात आहे. दोशींच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या मंडळींबरोबर इंदूरच्याच झोपडवस्त्यांचे बारकाईने मापन केले. दारापुढे ओटल्याला किती जागा सोडतात, बायका निवडटिपण कोठे बसून करतात, सायकल कोठे उभी राहते, झाडाखाली किती माणसे जमतात, दुकान घराच्या कोणत्या बाजूस उघडते. गरीब माणूस जागा वापरण्यात वास्तुकाराहून अधिक हुशार असतो, हे गृहीत धरून केलेला हा अभ्यास होता. म्हणून अरण्यच्या गल्ल्या सरळसोट नाहीत; त्यांत वळणे आहेत, लहान चौक आहेत, घरांच्या रांगा अशा वळवल्या आहेत की उन्हाची झळ कमी लागावी, आणि बाहेरून चढणारा जिना व ओटला यांनी घराचा एक भाग रस्त्यास दिला आहे. ज्यांचे बालपण मल्हारगंजात, इमली बाजारात किंवा एखाद्या बाखळीत गेले, त्यांना हे नवे वाटणार नाही. आमच्या वाड्यांत ओसरीचे जे काम होते, तेच येथे ओटल्याचे.

तथापि अरण्यचे गुणगान करणाऱ्यांनी नंतरच्या तीस वर्षांकडे पाहण्याचे टाळले आहे. शहर त्या दिशेस वाढले, जमिनीचे भाव चढले आणि मूळ वाटपदारांपैकी अनेकांनी भूखंड विकले. दोन-दोन भूखंड एकत्र झाले, ओटले भिंतींच्या आत गेले, उंच घरे उभी राहिली. काही समीक्षक यास अपयश म्हणतात. काही म्हणतात, गरिबाच्या हाती विकण्यासारखे काही आले हेच यश. आमचे मत या दोहोंच्या मधले नाही, वेगळे आहे. अरण्यने घराचा प्रश्न फार सुंदर सोडवला, पण कामाचा प्रश्न अर्ध्यावर सोडला. घरी बसून शिवणकाम, दुरुस्ती, दुकान चालवणाऱ्यांसाठी तेथे विचार आहे. गिरणीत पाळी भरणाऱ्यासाठी मात्र ती वसाहत कामापासून कोसभर दूर होती. आणि माणसे तेथे राहावयास जात होती त्याच सुमारास गिरण्यांचे भोंगे बंद होत होते. ज्याचा पगार थांबला, त्याने जोत्यावर दुसरी खोली कशी चढवावी? त्याने भूखंड विकला, यात दोष त्याचा नाही आणि दोशींचाही नाही.

याच काळात, १९८९ पासून, झोपडवस्त्यांत नळ, मोऱ्या, रस्ते आणि नद्यांच्या काठाने मुख्य गटारवाहिन्या नेण्याची दुसरी मोठी योजना इंदुरात झाली. अभियंता हिमांशु पारिख यांच्या या कामास १९९८ साली आगाखान पुरस्कार मिळाला. पुढे गीता देवान वर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष वस्त्यांत हिंडून देखभालीअभावी योजनेची काय अवस्था झाली ते मांडले आणि वाद झाला. वादात आम्हांस शिरावयाचे नाही. एकाच शहरास दोनदा जागतिक पुरस्कार मिळतो आणि त्या शहरातील सुजाण लोकांना दोन्ही योजनांची धड माहिती नसते, एवढेच नमूद करतो.

आता गिरण्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. इतर गिरण्याही त्यानंतरच्या काळात एकामागोमाग गेल्या. ग्वाल्हेरच्या बिर्लानगरातील जे. सी. मिलची कथा याहून निराळी नाही. हुकुमचंद मिलच्या ५,८९५ कामगारांची देणी थकली ती बत्तीस वर्षे. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २२४ कोटी रुपये देऊन तो हिशेब मिटवण्यात आला. तोवर अनेक कामगार वारले होते आणि पैसा विधवांच्या, मुलांच्या हाती पडला. साडेबेचाळीस एकर जमीन गृहनिर्माण मंडळाकडे विकसनासाठी गेली. मधल्या तीन दशकांत त्या ओसाड आवारात दाट झाडी वाढली, आणि ती तोडण्यास गावातून विरोध झाला.

या जमिनीवर काय व्हावे? निवासी व व्यापारी संकुले, असे एक ठरीव उत्तर आहे. मुंबईच्या गिरणगावात तेच झाले. तेथे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरणीच्या जमिनीची वाटणी मोकळी जागा, परवडणारी घरे आणि मालक अशी साधारण तिहाई ठरवली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती राहिली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली. परळ-लालबागच्या आकाशात मनोरे उभे राहिले. 'जीर्णोद्धार' झाला असे म्हणावे, तर ज्याचा उद्धार झाला तो कामगार नव्हे, आणि जीर्ण झाले ते केवळ कामगाराचे घर.

दुसरे उत्तरही जगात आहे. ब्राझीलमधील साओ पावलो शहरात पिपे बनवण्याचा जुना कारखाना पाडून तेथे क्रीडा व संस्कृती केंद्र बांधावे, असा विचार १९७० च्या दशकात चालला होता. लीना बो बार्दी या वास्तुकार बाई जागा पाहावयास गेल्या, तेव्हा ओसाड शेडमध्ये आसपासची मुले चेंडू खेळत होती, आईबाप मांस भाजत होते. त्यांनी ठरवले की, येथे जे चालू आहे ते चालूच राहिले पाहिजे. शेड राखल्या, आत ग्रंथालय, कर्मशाळा, भोजनगृह, बसावयास जागा आणि जमिनीतून वाहणारा पाण्याचा प्रवाह केला. १९८२ साली ते खुले झाले आणि त्या शहरातील सामान्य माणसाची ती आवडती जागा झाली. खेळांसाठी नवे काँक्रीटचे मनोरे मागाहून, शेजारी उभारले. बाईंनी आधी वापर पाहिला, मग इमारत. गेडिसची पायपीट आणि दोशींची मोजमापे यांच्याच जातीचे हे काम आहे.

गिरणीच्या शेडचे एक तांत्रिक मर्मही येथे सांगण्याजोगे आहे. करवतीच्या दात्यांसारखे तिचे छप्पर असते. दात्याची उभी, काचेची बाजू उत्तरेस. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात थेट ऊन नसते. म्हणून धागा तुटला तर विणकरास दिसे आणि शेड तापत नसे. असा उजेड ग्रंथालयास, चित्रशाळेस, शिवणवर्गास जितका सोयीचा तितका दुसरा नाही, आणि त्यासाठी विजेचा खर्च नाही. शिवाय भाजलेल्या विटेत, ओतीव लोखंडाच्या खांबात जे इंधन एकदा जळले ते जळून गेले. इमारत पाडून नवी बांधली की तेवढेच, किंबहुना अधिक, पुन्हा जाळावे लागते. पर्यावरणाच्या दृष्टीने उभी असलेली धड इमारत ही सर्वांत काटकसरीची इमारत होय. हे कळण्यास परदेशी सल्लागाराची गरज नाही. जुने धोतर फाडून त्याची दुपटी शिवणाऱ्या आजींना ते ठाऊक होते.

राजवाड्याच्या बाबतीत आपण काय केले, हेही पाहू. तीनदा जळलेली ही सातमजली वास्तू. १८०१, १९०८ आणि १९८४ ही ती साले. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, त्यामुळे आग वरच्यांना सहज धरे. १९८४ च्या दंग्यात जळालेला मागचा भाग २००६-०७ च्या सुमारास जुन्या धर्तीवर पुन्हा बांधला गेला. ते काम उत्तम झाले, याविषयी दुमत नसावे. परंतु त्याच परिसरात पुढे स्मार्ट सिटीच्या नावाखाली रस्ते रुंद झाले आणि बडा गणपती ते कृष्णपुरा यांसारख्या मार्गांवर जुन्या घरांचे दर्शनी भाग कापले गेले. ज्या घरांमुळे राजवाडा गावाच्या मध्यभागी होता, ती घरे अर्धी झाली. गेडिसने ज्या सरळ रेषेस विरोध केला होता, तीच रेषा शंभर वर्षांनी त्यांच्याच गावात ओढली गेली. २०१७ पासून ओळीने देशातील स्वच्छ शहरांत पहिले येणाऱ्या या गावाने स्वच्छतेचे श्रेय झाडणाऱ्या हातांना दिले, येथवर गेडिसचा वारसा चालला. घरे राखण्याच्या बाबतीत तो थांबला.

येथे आपल्या मराठी कुटुंबांविषयी दोन स्पष्ट शब्द लिहिणे भाग आहे. राजवाड्याभोवतीचे, रामबागेतले कितीतरी वाडे आपले होते. चौक, ओसरी, माजघर, लाकडी सांगाड्यात भरलेल्या विटांच्या भिंती, वर कडीपाट. भावाभावांत वाटण्या झाल्या, मुले पुण्याला-बंगळूरला-परदेशी गेली, भाडेकरू निघेना, दुरुस्तीस पैसा नाही. आणि एक दिवस वाडा बिल्डरास गेला. विकणाऱ्यास दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. परंतु साहित्य सभेत वारशावर व्याख्याने ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी चार घरे मिळून एका सुताराला, एका चुन्याच्या गवंड्याला वर्षभर काम दिले? एकट्या घरास हे पेलत नाही, आळीस पेलते. १९१७ साली घरे दुरुस्त झाली ती रस्त्याच्या रस्ता मिळून, कारण मिरवणूक एका घरावरून जात नसते.

गिरण्यांच्या बाबतीत आळीचे हे काम कामगारांनी करून दाखवले आहे, आणि तेही गिरण्या बंद झाल्यावर. अनंत चतुर्दशीस निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या ही इंदूरची शंभर वर्षांच्या आसपासची रीत आहे. गणेशोत्सव आपल्या दक्षिणी मंडळींबरोबर आला, त्यास गिरणीमालकांनी आश्रय दिला, आणि हिंदी-मराठी-माळवी सर्व कामगारांनी त्यास चलचित्रे, रोषणाई आणि यंत्रांची कसबे जोडली. ज्या फिटरने दिवसा माग दुरुस्त केला, त्यानेच रात्री रावणाची दहा डोकी फिरवली. भोंगे थांबले, पगार थांबले, तरी हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, स्वदेशी यांच्या झांक्या निघतच राहिल्या. देणग्या मागून, कधी उधारीवर, म्हाताऱ्या कामगारांनी त्या उभ्या केल्या. ज्या गिरणीत आता एकही माग नाही, तिच्या नावाचा फलक वर्षातून एकदा सारी रात्र रस्त्याने फिरतो आणि लाखो लोक जागून तो पाहतात. भिंती उरल्या नाहीत तेथे गिरणी उरली आहे ती या मिरवणुकीत.

म्हणून गिरणीच्या जमिनीचा जो आराखडा पुढे येईल, त्यात आम्ही प्रथम एकच गोष्ट शोधणार आहोत. मनोऱ्यांची उंची किंवा दुकानांचे क्षेत्रफळ नव्हे. झांकी बांधण्यास दोन महिने लागतात. त्यासाठी उंच छपराची जागा लागते, लोखंड जोडावयास, रंगवावयास, पावसात कागद-कापड कोरडे ठेवावयास. आजवर ते काम गिरण्यांच्या पडक्या आवारांतच होत आले. नव्या नकाशात त्यासाठी एक जुनी शेड राखली आहे काय, तिची किल्ली कोणाकडे राहील आणि वर्षाच्या उरलेल्या दहा महिन्यांत तेथे परदेशीपुऱ्यातील पोरांना वेल्डिंग, सुतारकाम, विजेचे काम शिकावयास मिळेल काय, ही विचारणा लेखी व्हावी. हरकती व सूचनांसाठी नियमाने मुदत दिलेली असते. त्या मुदतीत मराठी साहित्य संस्थांची पत्रे नस्तीत पोहोचली पाहिजेत. मुदतीनंतर आलेल्या पत्रावर कोणता शेरा पडतो, ते आम्ही आमच्या नोकरीत पुरेसे पाहिले आहे.